सेमीच्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग कसं शिकवावं? (नववी, विज्ञान आणि गणित)

अबोली_संगमनेर

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. शाळा मराठी माध्यमाची, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी. विषय त्याला कळतो. झाड स्वतःचं अन्न कसं तयार करतं हे तो मी भाकरी थापत असताना ओट्याशी उभा राहून सांगतो, आणि नीट सांगतो. पण घटक चाचणीचा पेपर घरी आला तेव्हा पोटात गोळा आला. फोटोसिंथेसिस एफने सुरू केलेलं. क्लोरोफिल लिहिलंय के-एल-ओ-आर-ओ-एफ-आय-एल. आयसोसेलीसमध्ये सी नाहीच. पॅरलल तीन ठिकाणी आलाय आणि तिन्ही वेळा वेगळा. उत्तरं बरोबर आहेत, पण पानभर लाल गोल.

गेले पंधरा दिवस मी रोज एकेक शब्द वीस वेळा लिहून घेते. रात्री धडाधड म्हणून दाखवतो, सकाळी पाटी कोरी. परवा वही मिटून म्हणाला, "आई, मला विज्ञान येतं, पण लिहिता येत नाही, म्हणजे येत नाही असंच धरणार ना?" मला काही बोलता आलं नाही.

मी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकले, आमच्या वेळी पहिलीपासून नव्हतं. आम्हीही पाठच केलं. याला काही नियम असतात का? असले तर सुरुवात कुठून करू?

तिफण

वीस वेळा लिहून घेणं आधी थांबवा, ताई. चौथ्या वेळेनंतर हात लिहितो, डोकं नसतं. आमच्याकडे असं करतो: शब्द नीट बघायचा, झाकायचा, न बघता लिहायचा, उघडून ताडून बघायचा. चुकला तर फक्त चुकलेल्या अक्षराखाली रेघ. तोच शब्द दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा. आठवून लिहिलेलं टिकतं, बघून उतरवलेलं टिकत नाही. माझ्या दोन्ही मुलींचा अनुभव आहे.

सायली_ठाणे

काही शब्दांना खूण लागतेच, आणि ती मुलाने स्वतः बनवलेली असली तर जास्त टिकते. आमच्या घरातल्या काही सांगते.

बुधवार म्हणताना आम्ही 'वेड-नेस-डे' असंच म्हणतो, म्हणजे मधला डी सुटत नाही. फेब्रुवारीला 'फेब-रु-आरी'. सेपरेटच्या मधोमध उंदीर बसलाय, ए-आर-ए-टी, म्हणून पीच्या पुढे ए, ई नाही. मुख्याध्यापकांचा प्रिन्सिपल पी-ए-एलने संपतो, म्हणून लेक म्हणते, "प्रिन्सि-पाल, ऑफिसच्या भिंतीवर पाल." तत्त्व या अर्थाच्या दुसऱ्या प्रिन्सिपलमध्ये पाल नाही, तिथे पी-एल-ई. वह्या-पेनांची स्टेशनरी ई-आर-वाय, कारण एन्व्हलप ईने सुरू होतो. जागचं न हलणारं ते ए-आर-वाय, 'अचल'चा ए. नेसेसरीत सी एकटी आणि एस जुळे.

आणि तुमच्या पॅरललमध्ये तर चित्रच आहे: मधोमध दोन एल शेजारी उभे, म्हणजे दोन समांतर रेषा. तिसरा एल शेवटी एकटा. हे एकदा दाखवा, पुन्हा चुकणार नाही.

भुईकमळ

पालीची खूण फारच आवडली. वाचतेय.

कऱ्हाकाठ

मी एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, आधी विज्ञान आणि नंतर इंग्रजीही. अबोलीताई, तुमच्या मुलाच्या चुका मी पुन्हा वाचल्या आणि मला त्या चांगल्या चुका वाटल्या. के-एल-ओ-आर-ओ-एफ-आय-एल हे अगदी तर्काने लिहिलंय. क ऐकू आला, के लिहिला. फ ऐकू आला, एफ लिहिला. देवनागरीत वाढलेलं मूल असंच लिहिणार, कारण आपल्याकडे जे बोलतो ते बहुतेक तसंच लिहितो. त्याचा कान पक्का आहे. इंग्रजी लिपी मात्र उच्चारासोबत शब्दाचं घराणंही जपते, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आपणही हे थोडंफार करतो. 'भाषा', 'विष', 'ऋषी' हे शब्द बोलताना आपल्यातले बहुतेक जण श आणि रु म्हणतात, पण लिहिताना ष आणि ऋ लिहितात. का? संस्कृतातून आले म्हणून. इंग्रजीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं आहे, आणि विज्ञानाचे शब्द बहुतेक ग्रीक आणि लॅटिन घराण्यातले.

आता गंमत ऐका. प्राचीन अथेन्सच्या ग्रीकमध्ये फ, थ, ख असे हकार मिसळलेले उच्चार होते, जवळजवळ आपल्यासारखेच, आणि त्यांना स्वतंत्र अक्षरंही होती. रोमनांकडे ती अक्षरं नव्हती. मग त्यांनी काय केलं? प आणि ह जोडून फ, म्हणजे पी-एच. त आणि ह जोडून थ, टी-एच. त्यांचा सी म्हणजे नेहमी क, म्हणून क आणि ह जोडून ख, सी-एच. आपल्याला महाप्राण म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही, म्हणून मराठी मुलाला हे एका मिनिटात पटतं. पुढे उच्चार बदलले, ख चा क झाला, लिखाण तसंच राहिलं. त्यामुळे विज्ञानातला शब्द लांबलचक आणि ग्रीक दिसला की फ ला पी-एच धरायचं, आणि क ला सी-एच असेल का ते तपासायचं. सगळीकडे नसतं, कायनेटिकला आणि किलोला के आहे. मधल्या 'इ' किंवा 'आय' उच्चाराला बऱ्याचदा वाय येतो, कारण तिथे ग्रीकमध्ये वेगळा स्वर होता: ओठ उकारासारखे गोल करून म्हटलेली इ.

एवढं कळलं की आपली मराठी परिभाषा हाताशी घ्या. आपल्या परिभाषाकारांनी कित्येक शब्द ग्रीक शब्दाचे तुकडे करून, एकेका तुकड्याला प्रतिशब्द देऊन घडवले आहेत. म्हणून मराठी शब्द हीच त्या स्पेलिंगची किल्ली ठरते.

प्रकाशसंश्लेषण. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे संश्लेषण. पी-एच-ओ-टी-ओ, मग एस-वाय-एन, मग टी-एच-ई-एस-आय-एस. सिन म्हणजे आपला 'सं', सोबत. हा एस-वाय-एन त्याला पुढे जन्मभर भेटणार आहे.

मायटोकाँड्रिया म्हणजे तंतुकणिका. मायटो तंतू, काँड्रिया कणिका, आणि क ला सी-एच.

आर्थ्रोपोडा म्हणजे संधिपाद. आर्थ्रो म्हणजे सांधा, पोडा म्हणजे पाय. घरात कुणा आजीला आर्थ्रायटिस असेल तर तोही तोच, संधिवात. दोन्हीत ए-आर-टी-एच-आर.

समस्थानिक म्हणजे आयसोटोप: आयसो सम, टोप स्थान. नकाशावरची समदाब रेषा आयसोबार. मग समद्विभुज त्रिकोणाच्या आयसोसेलीसचा आधीचा भाग आय-एस-ओ हे पक्कं झालं. उरलेला भाग ग्रीक 'स्केलोस', म्हणजे पाय. सारखे पाय असलेला तो. त्या स्केलोसचा क म्हणजेच तुमच्या मुलाकडून सुटलेला सी. आज तो मुका आहे, पण पाय त्याच्याशिवाय पुरा होत नाही. आय-एस-ओ, एस-सी-ई-एल-ई-एस.

क्लोरोफिलमध्ये क्लोरो म्हणजे फिकट हिरवा. हंफ्री डेव्ही यांनी १८१० साली क्लोरीनला नाव दिलं ते त्या वायूच्या हिरवट रंगावरून. फिल म्हणजे पान, पी-एच-वाय-एल-एल, शेवटी दोन एल.

हायपोटेन्यूजला मात्र आपला 'कर्ण' मदत करत नाही. तिथे एवढंच सांगा की हायपो म्हणजे खाली, काटकोनाखाली ताणून बसवलेली रेषा. एच-वाय-पी-ओ.

अबोली_संगमनेर

मास्तर, हे मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. संधिपादाला तो ताडकन उठून बसला. आमच्या सासूबाईंना संधिवातच आहे, औषधाच्या कागदावर तो शब्द होता, तो त्याने स्वतः शोधून आणला. यंदा त्याला वनस्पतींचं वर्गीकरण आहे. टेरिडोफायटा पीने का सुरू होतो हे विचारतोय.

कऱ्हाकाठ

ग्रीकमध्ये टेरिस म्हणजे नेचा, आणि तो शब्द पिसाच्या शब्दावरून आला आहे. नेच्याचं पान समोर धरा, पीसच दिसेल. मूळ उच्चार 'प्टेरिस'. इंग्रजी जिभेला शब्दाच्या सुरुवातीचा प्ट जमत नाही, म्हणून पी मुका झाला. पण शब्दाच्या मधे जमतो: हेलिकॉप्टर. आपल्याला तो हेली आणि कॉप्टर असा वाटतो, खरा तो हेलिको आणि प्टर आहे, फिरत्या पंखांचा. फायटा म्हणजे वनस्पती, म्हणून थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा तिघांचं शेपूट एकच: पी-एच-वाय-टी-ए. तीन शब्दांचं अर्धं काम एकदाच झालं.

अंबाडीची_भाजी

मास्तरांबद्दल आदर ठेवून लिहितो. मी नागपूरकडे शिकवणी घेतो, गरीब घरची मुलं येतात. त्यांना आयसोसेलीस येत नाही हे खरं, पण त्याआधी फ्रेंड, बिगिनिंग, विच, देअर हेच येत नाही. हे काही ग्रीक नाहीत. तिथे घराणं सांगत बसलो तर तास संपतो. शिवाय परीक्षा डोक्यावर असताना पोराला पाठ करू द्यावं. पाठांतराला इतकं कमी लेखू नका, बाप्पा. पाढे आपण पाठच केले ना?

कऱ्हाकाठ

तुमचं म्हणणं मला मान्य आहे. रोजचे शे-दोनशे शब्द पाठच करावे लागतात. सेड, देअर, कुड, फ्रेंड यांना दुसरा इलाज नाही. तिथे तिफण यांची झाकून लिहायची रीत आणि सायलीताईंच्या खुणा. पण पाढ्यांचं उदाहरण घेतलंत म्हणून सांगतो, पाढा आपण चालीवर म्हणतो आणि त्याला क्रम असतो. स्पेलिंग नुसतं अक्षरांची माळ म्हणून पाठ केलं तर मधला एक मणी निसटला की सगळी घरंगळते.

आणि बिगिनिंगला नियम आहे. क्रियापदाच्या शेवटी एकच स्वर आणि एकच व्यंजन असेल, आणि बोलताना जोर शेवटच्या भागावर पडत असेल, तर आयएनजी किंवा ईडी लावताना ते व्यंजन दुप्पट होतं. बि-गिन, जोर गिनवर, म्हणून दोन एन. ओ-पन, जोर ओवर, म्हणून ओपनिंगला एकच एन. व्हिजिटेडला एकच टी. ऑकर्डला दोन आर. रेफर्डला दोन आर, पण रेफरन्समध्ये जोर पहिल्या भागावर सरकला, म्हणून एकच. मराठीत असा जोर जाणवत नाही, त्यामुळे आपल्या मुलांना हा नियम वहीतून कळत नाही. मी वर्गात टाळी वाजवून शिकवायचो. ज्या भागावर टाळी, तिकडे लक्ष. ब्रिटिश पद्धतीत ट्रॅव्हल्डला दोन एल येतात हा अपवाद. अमेरिकेत एकच.

होपिंगची जोडीही याच कुळातली. उडी मारण्याचा हॉप, त्याचा ओ आखूड, म्हणून हॉपिंगला दोन पी. आशेच्या होपला शेवटी ई आहे, तो ई जातो आणि पी एकटा राहतो.

इंद्रायणी

मला उपयोगी पडलेलं एक: फुल, वेल, ऑल हे शब्द दुसऱ्या शब्दाला जोडले की बहुतेक वेळा एक एल गळतो. ब्यूटिफुल, वेलकम, ऑलवेज. गावोगावच्या कमानींवर वेलकमला दोन एल दिसतात तेव्हा पोरांना थांबवून दाखवते.

आणि शन उच्चाराचं: मूळ क्रियापद बघायचं. डी असला तर बहुधा एस येतो. एक्स्टेंडचं एक्स्टेन्शन, डिसाइडचं डिसिजन. मिटने संपला तर दोन एस, परमिटचं परमिशन. ॲक्ट, एज्युकेट, प्रोटेक्ट यांना टी.

पासबुक

बँकेत नोकरी झाली, म्हणून माझा एकच शब्द. डेट, कर्ज या अर्थाचा. त्यातला मुका बी मला कायम खटकायचा. मग लक्षात आलं की आपण रोज 'डेबिट' म्हणतो, त्यात बी खणखणीत ऐकू येतो. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला तेव्हा बी नव्हता, पुढे लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी घातला. डाउटचा बीही तसाच, आणि रिसीटमधला पीसुद्धा. त्यामुळे मुकं अक्षर आलं की मी त्या शब्दाचा भाऊ शोधतो. साइनमधला जी मुका, सिग्नेचरमध्ये बोलका. मसलमधला सी मुका, मस्क्युलरमध्ये बोलका. आणि बॉम्बचा बी तर आपण मराठीत बोलतोच, इंग्रज बोलत नाही. आपण ज्याला चुकीचा उच्चार म्हणतो तो स्पेलिंगला कधी कधी उपयोगी पडतो.

सायली_ठाणे

पासबुककाका, हे भाऊ शोधणं छान आहे. मग नाइफचा आणि नाइटचा के? त्याला भाऊ सापडत नाही.

कऱ्हाकाठ

तो के पूर्वी खरंच बोलायचे, 'क्निहत' असं काहीतरी. जीएचही घशातून बोलायचे. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुस्तकं सुटू लागली, तेव्हापासून लिखाण हळूहळू ठरत गेलं. उच्चार मात्र त्याच सुमारास सर्वात वेगाने बदलत होते, सुमारे १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर जवळजवळ सगळे सरकले. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश १७५५ चा, तोवर लिखाण बरंचसं पक्कं झालं होतं. तेव्हा मुलं 'क-नाइफ' म्हणून पाठ करतात त्यांना हसू नका. शब्दाचा जुना उच्चारच ती नकळत करत असतात.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. माझी मुलगी चार वर्षं स्पेलिंग बीमध्ये, म्हणजे तोंडी स्पेलिंग सांगायच्या स्पर्धेत, उतरली. इथे नॉर्थ साउथ फाउंडेशनच्या स्पर्धांना शनिवारी-रविवारी भारतीय घरांची झुंबड असते. मोठी राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासून चालते, आज ती स्क्रिप्सच्या नावाने ओळखली जाते. १९८५ साली बालू नटराजन जिंकले, ते पहिले भारतीय वंशाचे विजेते. २०१९ मध्ये शब्द संपत आले तरी मुलं हरेनात, शेवटी आठ जण एकत्र विजेते ठरले, त्यांतले सात भारतीय वंशाचे.

हे सांगायचं कारण वेगळं. मुलाला माइकसमोर शब्द दिला की तो आधी अर्थ विचारतो आणि लगेच विचारतो, शब्द कुठल्या भाषेतला? हा प्रश्न विचारायची नियमाने परवानगी आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मुलांनी शब्दकोश पाठ केलाय. पाठ केलेलं बरंच असतं, पण शब्द ग्रीक आहे म्हटलं की फ साठी पी-एच, फ्रेंच आहे म्हटलं की श साठी सी-एच आणि शेवटचा टी मुका, असं त्यांच्या डोक्यात फिरत असतं. मास्तर जे सांगताहेत तेच ही मुलं करतात. फक्त आमच्या मुलीला तंतुकणिका हा शब्द माहीत नव्हता. काल तुमचा धागा वाचून मीच तिला सांगितला, तर म्हणाली, मग मला आधी का नाही सांगितलं?

भुईकमळ

भाषेचं मूळ विचारायचं तर एक शब्द आपल्या घरचाही आहे. मॉन्गूस आपल्या मुंगसावरून गेलाय. म्हणून अनेकवचन मॉन्गूसेस. गूसचं गीस होतं तसं मॉन्गीस होत नाही, कारण त्या हंसाशी याचं नातंच नाही.

अंबाडीची_भाजी

आज शिकवणीत करून पाहिलं. फळ्यावर डावीकडे मराठी शब्द लिहिला, मध्ये तुकडे, उजवीकडे इंग्रजी. कंटकचर्मी लिहिलं, दहावीच्या पोरांना विचारलं, कंटक म्हणजे? काटे. चर्म? कातडी. मग एकायनो आणि डर्मा. डर्माचा डॉक्टर सगळ्यांना माहीत होता, कातडीचा. क ला सी-एच येईल का हे एका पोरीने स्वतःहून विचारलं. उभयचर लिहिल्यावर तीच म्हणाली, ॲम्फी म्हणजे उभय असणार. रोजचे शब्द मी पाठच करून घेणार, त्यात बदल नाही. पण विज्ञानाचा तास यापुढे असा घेईन.

अबोली_संगमनेर

तीन आठवड्यांनी लिहितेय. वीस वेळा लिहिणं बंद केलं. वहीचे तीन रकाने केले, वरच्या दादांनी फळ्यावर केले तसेच. रोज चारच शब्द, झाकून लिहायचे. काल शाळेत सराव पेपर झाला. लाल गोल आहेत, पण सहा. हायपोटेन्यूज अजून चुकतोय, शेवटचा ई विसरतो. पॅरलल तिन्ही वेळा बरोबर.

मुख्य म्हणजे तो आता मराठी पुस्तकही सोबत ठेवतो. पूर्वी सेमीच्या मुलांना मराठी शब्द कशाला हवेत म्हणायचा. आज संध्याकाळी त्याचा एक प्रश्न अडलाय, मला सांगता आला नाही म्हणून इथे टाकते. रायझोबियममध्ये आरनंतर एच कशाला?

कऱ्हाकाठ

रायझो म्हणजे मूळ, बियम म्हणजे जगणारा. मुळात जगणारा जीवाणू. भुईमूग किंवा हरभरा उपटून दाखवा, मुळांवरच्या गाठी दिसतील, तो त्यांत राहतो. आणि ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा र हकार मिसळून बोलायचे. रोमनांना तो लिहायला दोन अक्षरं लागली, आर आणि एच. रिदम आणि रायनोसेरॉस यांचंही तसंच. त्याला सांगा, आपल्याकडे त्याच्या जवळचं एक जोडाक्षर आहे, ऱ्हासातला ऱ्ह. ते एकदा मोठ्याने म्हणायला लावा आणि मग रायझोबियम लिहायला द्या.